टाचणीताईंनी झोपवलेला पहारेकरी

टाचणीताईंना टाचणीताई का म्हणतात, याची दोन कारणं गल्लीत सांगितली जातात. एक म्हणजे काम करताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात कायम टाचण्या धरलेल्या असतात, आणि तशाच त्या बोलतातही. दुसरं म्हणजे टाचण्या काढून ठेवल्या तरी त्यांचं बोलणं तेवढंच टोचतं. दोन्ही कारणं खरी आहेत, आणि त्यांच्या नवऱ्याला विचारलंत तर तो दुसरं जास्त खरं आहे असं सांगेल, पण हळू आवाजात.

धंदा शिवणकामाचा. पण दुकानात ज्यांच्या मापाचं काही मिळत नाही, अशांसाठीच त्या शिवतात. एक खांदा खाली उतरलेला पोस्टमन, चाकाच्या खुर्चीत बसूनच कॉलेजला जाणारी मुलगी, पाठीला बाक आलेला पियानोवाला. आणि सगळ्यांत जास्त म्हणजे ऑपरेशनमध्ये एक स्तन, कधी दोन्ही, काढून टाकावे लागलेल्या बाया. या बायांना तयार कपड्यांच्या दुकानात आरशासमोर उभं राहणं नको वाटतं. टाचणीताईंच्या खोलीत त्या उभ्या राहत.

याची सुरुवात पोहायला शिकवणाऱ्या एका बाईपासून झाली. तिचं ऑपरेशन झालं आणि बरी झाल्यावर तिला तलावावर परत जायचं होतं. पाण्याची तिला भीती नव्हती. काठावर रांगेत बसून टकमक बघणाऱ्या पोरांची होती. तोवर टाचणीताई साधे झगे शिवत होत्या. त्यांनी तिच्यासाठी पोहण्याचा पोशाख शिवला, तो फसला. दुसरा शिवला, तोही पाण्यात फुगला. तिसरा अंगावर असा बसला की शिक्षिका आरशासमोरून हलेचना. मग तिनेच हॉस्पिटलात भेटलेल्या एकेकीला इकडे पाठवायला सुरुवात केली, आणि बघता बघता टाचणीताईंचा सगळा धंदाच बदलला.

अशा अंगाचं नुसतं टेपने माप घेऊन भागत नाही. व्रण कुठून कुठे जातो, खांदा कुठे ओढला जातो, हात वर केला की कातडी कशी ताणते, हे डोळ्यांपुढे लागतं. म्हणून त्या समोरून, बाजूने आणि पाठीमागून फोटो काढत, चेहरा सोडून. फोटो संगणकात जात, मापं संगणकात जात, आणि पॅटर्न काढून देणारा एक प्रोग्रॅम त्यावरून कापडाचा आराखडा तयार करी. फोटो काढण्याआधी पडदा ओढून त्या प्रत्येकीला एकच वाक्य सांगत, की या दाराच्या बाहेर तुझं काही जाणार नाही. आत गिऱ्हाईक बाई असली की नवऱ्यालाही तिथे मज्जाव होता. छपाईच्या प्रेसमधून निवृत्त झालेला तो भला माणूस स्वतःच्या घरात त्या खोलीवरून जाताना खोकत जायचा.

खोलीच्या दाराची एवढी काळजी घेणाऱ्या बाईने संगणकाचं दार मात्र सताड उघडं ठेवलं होतं. त्याला पासवर्ड नव्हता. घरात कोण चोर आहे, असं त्यांचं म्हणणं. सकाळी ताईंचं काम सुरू होण्याआधी नवरा त्यावर पत्ते खेळे, विजेचं बिल भरी, आणि पडद्यावर जे काही उगवेल त्याला ‘होय’ म्हणून टाकी. प्रेसमध्ये आयुष्यभर छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवत आलेला माणूस तो. ‘तुमचा संगणक मंद झाला आहे, वेग वाढवा’ असं लिहून आलं, तर त्याने वेग वाढवला. त्यानंतर रोज एक झाडू पडद्यावर नाचायचा आणि एवढ्या चुका सापडल्या म्हणून सांगायचा. नवऱ्याला वाटे, केवढं कामसू यंत्र आहे. टाचणीताईंना वाटे, सापडतात रोज, तर हा झाडू झाडतो तरी काय? पण हातातलं काम सोडून विचारणार कोण.

खरी चूक मात्र नवऱ्याची नव्हती. ती त्यांची स्वतःची होती, आणि शिंप्यांच्या धंद्यातच होऊ शकेल अशी होती.

शिवणकामात पॅटर्न कुणी विकत घेत नाही. एकाच्या टेबलावर चांगली बाही दिसली की दुसरा पातळ कागद टाकून ती उतरवून घेतो, दात्यांचं चाक फिरवून कडांच्या खुणा पाडतो आणि घरी जातो. देणाऱ्याला त्यात आनंद असतो, घेणाऱ्याला लाज नसते. टाचणीताईंना बाही अशीच मिळाली, कॉलर अशीच मिळाली. मग कोटवाल्या उंच शिंप्याने पेन ड्राइव्हवर तो पॅटर्नचा प्रोग्रॅम आणून दिला, तेव्हा त्यांनी तो कागद उतरवून घ्यावा तसाच घेतला. त्याच्यासोबत एक सूचना होती: आधी अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच आरडाओरडा करतो. टाचणीताई अँटिव्हायरसला पहारेकरी म्हणत. त्यांनी पहारेकऱ्याला झोपवलं, प्रोग्रॅम आत घेतला, आणि पहारेकऱ्याला पुन्हा उठवायचं राहूनच गेलं. पुढे पडदेवाल्या बाईने मागितला, तिला दिला. गणवेशवाल्या शिंप्याने मागितला, त्यालाही दिला. सूचनेसकट.

मग एका सकाळी बटणवाल्याचा फोन आला. ताई, तुमचा मेल आलाय, तो हसत म्हणाला, ‘तुमचे फोटो तयार आहेत, इथे बघा’ असं लिहिलंय. आता आमचे फोटो तुम्ही कधी काढलेत?

टाचणीताईंनी तोंडातल्या टाचण्या हातावर काढून घेतल्या. असला मेल त्यांनी पाठवला नव्हता. बटणवाल्याला ती गंमत वाटली, कारण त्याचे फोटो कुणाकडे नव्हते. ज्यांचे होते त्या बाया टाचणीताईंच्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेल्या. तिथे दाबून बघितलंस का, असं त्यांनी विचारलं. त्याने अर्थातच दाबून बघितलं होतं, पण काही उघडलं नव्हतं. आता ते मशीन बंद कर आणि मी सांगेपर्यंत हात लावू नकोस, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला, आणि टेबलाखाली शिरून हाताला लागतील तेवढ्या सगळ्या वायरी ओढून काढल्या. त्यात शिलाई मशीनचीही गेली.

त्यांच्या बहिणीची मुलगी एका विम्याच्या ऑफिसात संगणकांची देखभाल करते. ती सुट्टीच्या दिवशी आली. इंटरनेटची वायर काढलीस ते फार बरं केलंस, असं म्हणून तिने कौतुकाने सुरुवात केली, पण ते कौतुक फार टिकलं नाही. झाडूवाला प्रोग्रॅम तिने पाहिला आणि काकांकडे पाहिलं. काका खोकले. मग ती पॅटर्नच्या प्रोग्रॅमपाशी आली, आणि तो कुठून आणला हे ऐकल्यावर कपाळाला हात लावून बसली.

तिने जे सांगितलं ते टाचणीताईंना एका दमात समजलं. त्या चोरीच्या प्रोग्रॅमच्या पोटात एक हेर बसवलेला होता. म्हणूनच पहारेकऱ्याला झोपवायला सांगितलं होतं, कारण तो उगाच ओरडत नव्हता, खरं तेच ओरडत होता. हेराने संगणकात साठवलेले सगळे पासवर्ड गोळा केले होते, आणि त्यातल्या मेलच्या पासवर्डाने आता कुणी तिसराच त्यांच्या नावाने मेल पाठवत होता.

“आणि फोटो?” टाचणीताईंनी विचारलं.

“ते सांगता येत नाही, मावशी.”

त्यांनी तोच प्रश्न उलटसुलट करून पुन्हा पुन्हा विचारला. गेले असतील का? नसतील गेले असं म्हणता येईल का? गेले असते तर खूण राहिली असती का? भाची चिडली नाही. असल्या हेरांना बहुतेक पासवर्डच हवे असतात, ती म्हणाली, फोटोंकडे ढुंकूनही पाहिलं नसेल. पण फोटो त्याच्यासमोर उघडे पडले होते, आणि त्याने नेले नाहीत असं छातीवर हात ठेवून कुणालाही सांगता येणार नाही.

मग नवरा आणि भाची दोघांनी मिळून त्यांना समजवायला घेतलं. मेल फक्त दुकानदारांना गेले होते. गिऱ्हाईक बायांशी सगळं बोलणं फोनवरच होत असे, त्यांचे मेलचे पत्ते संगणकात नव्हतेच. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मशीन स्वच्छ करू, पासवर्ड बदलू, आणि विषय संपवू. आधीच एवढं सोसलेल्या बायांच्या जिवाला उगाच घोर का लावायचा? बोलणं शहाणपणाचं होतं. टाचणीताईंनाही ते पटावं असं फार वाटलं, इतकं की त्यांना स्वतःचाच राग आला.

“त्यांना ठाऊक नाही हे खरं,” त्या म्हणाल्या. “पण मला आहे ना. उद्या मी कुठल्या तोंडाने पडदा ओढू?”

नवऱ्याने चहा ठेवला.

साफसफाई मी करते, तू बघ, असं भाची म्हणाली, तर तिला उलटं उत्तर मिळालं. तू संध्याकाळी तुझ्या घरी जाशील, टाचणीताई म्हणाल्या, मग इथे मी आणि हे. मी करते, तू सांग. आणि त्या खुर्चीत बसल्या. पहिलं काम भाचीच्या फोनवरून झालं: मेलचा पासवर्ड बदलला, आणि बाकी जिथे जिथे मेल उघडा असेल तिथून तो बंद केला. आजारी संगणकावर बसून नवा पासवर्ड लिहिला असता, तर हेराने तोही आयता नेला असता. मग मेलला दुसरं कुलूप लावलं, म्हणजे पासवर्ड देऊनही ताईंच्या फोनवर आलेला आकडा घातल्याशिवाय तो उघडणार नाही. बँकेचा पासवर्ड बदलला, वीज कंपनीचा बदलला. प्रत्येक ठिकाणी वेगळा. एकाच किल्लीने सगळी दारं उघडायची नाहीत, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

नंतर मापं आणि फोटो तेवढे एका नव्या डिस्कवर काढून घेतले, संगणकातला एकही प्रोग्रॅम सोबत येऊ न देता. ती डिस्क भाचीने स्वतःच्या यंत्रावर तपासली. मग संगणक पार पुसून कोरा केला आणि सगळं मुळापासून नव्याने घातलं. पहारेकरी जागा केला. जी अपडेट्स टाचणीताई वर्षानुवर्षं ‘नंतर’ म्हणून टोलवत आल्या होत्या, ती मुकाट्याने एकेक होऊ दिली. त्यांना तिथे बसून राहायचा कंटाळा आला नाही. उसवलेली शिवण पुन्हा घालताना त्या अशाच बसत, मान खाली घालून, कुणाशी न बोलता.

नवऱ्याला वेगळं खातं मिळालं. त्यात पत्ते होते, बिलं होती, बातम्या होत्या, पण नवं काही घालायचं तर बायकोचा पासवर्ड लागणार होता. म्हणजे मी आता या घरात पाहुणा, असं तो म्हणाला. पाहुण्याला आम्ही चहा तरी करून देतो, असं उत्तर आलं. दोन दिवस तो फुरंगटून होता. पॅटर्नचा प्रोग्रॅम टाचणीताईंनी बनवणाऱ्यांकडून रीतसर विकत घेतला. आणि फोटो संगणकात ठेवायचेच नाहीत असं ठरवलं. ते कुलूपबंद डिस्कवर राहतील, आणि डिस्क जोडायची ती इंटरनेटची वायर काढून झाल्यावरच.

मग त्या शिंप्यांकडे निघाल्या. पडदेवाल्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे आपलं मशीन बंद केलं. उंच शिंप्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी दिलेल्या वस्तूत खोट काढता, तो म्हणाला, इतके दिवस त्यावर कोट शिवतोय, काही झालं का? टाचणीताई म्हणाल्या, काही झालं नाही असं मलाही वाटत होतं. तो ऐकेना. त्याला सोडून त्या गणवेशवाल्याकडे गेल्या. तोही उद्या बघतो म्हणू लागला, तेव्हा त्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या बाकावर त्या बसून राहिल्या. शाळेच्या पोरांच्या आया येत होत्या, टाचणीताई बसलेल्याच. शेवटी त्याने वायर काढली, केवळ त्या उठाव्यात म्हणून.

राहिल्या बाया. हे फोनवर सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि पहिल्यांदा बोलवायचं ते पोहण्याच्या शिक्षिकेलाच, कारण तिथेच तोंड उघडणं सगळ्यांत अवघड होतं.

तिचा नवा पोशाख अर्धवट शिवून झाला होता. ती फिटिंगला म्हणून हसतच आली आणि पडदा ओढायला गेली. टाचणीताईंनी तिला आधी बसायला सांगितलं. मग प्रोग्रॅम कुठून आणला, पहारेकरी कुणी बंद केला, भाचीला काय सापडलं, हे सगळं ओळीने सांगितलं. मध्ये कुठे थांबल्या असत्या तर पुढे बोलता आलं नसतं.

शिक्षिकेचं हसू कधी गेलं ते कळलं नाही. “माझे फोटो गेलेत का?”

“माहीत नाही. गेले नाहीत असं मला म्हणता येत नाही.”

“पण चेहरा नाहीये ना त्यात?”

“चेहरा नाही.” इथे थांबता आलं असतं. समोरची बाई एवढ्यावर निःश्वास सोडायला तयार होती. “पण फाइलला नाव आहे. मला चटकन सापडावेत म्हणून प्रत्येकीच्या फाइलला मी तिचं नाव दिलं होतं. तुझंही.”

शिक्षिका उठून खिडकीपाशी गेली. मग तिने विचारलं की हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं, कुणी फसवलं का. टाचणीताईंना उंच शिंपी आठवला, नवऱ्याचा झाडूही आठवला. त्या म्हणाल्या, कुणी नाही, पहारेकरी मीच बंद केला होता.

“माझे सगळे काढून टाका. माझ्यासमोर.”

टाचणीताईंनी इंटरनेटची वायर काढली, डिस्क जोडली आणि तिच्यासमोर तिचे सगळे फोटो पुसले. मापंही पुसली. शिक्षिकेने उभ्या उभ्या ते पाहिलं आणि ती निघाली. अर्धवट पोशाखाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. दार लागल्यावर टाचणीताई रडल्या. नवरा बाहेर खोकला नाही, सरळ आत आला आणि त्यांच्याजवळ बसला. त्या खोलीत तो पहिल्यांदाच असा बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढच्या बाईला बोलावलं. मग तिच्या पुढच्या. नवऱ्याने एकदा सुचवून पाहिलं, की एवढ्यावर थांबलीस तर? त्यांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. एक म्हातारी बाई खो खो हसली आणि म्हणाली, माझे फोटो बघितले असतील तर चोरालाच औषध लागलं असेल. एकीने वाट्टेल ते सुनावलं, ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं. एक काहीच बोलली नाही, पण पुढच्या फिटिंगला आली नाही. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीने फाइलला नाव कसं द्यायला नको होतं यावर भलं मोठं व्याख्यान दिलं, आणि ते बरोबर होतं म्हणून त्यांनी त्याच दिवशी सगळ्या फाइलींची नावं बदलली. एकही बाई त्यांनी सोडली नाही. गावाबाहेर राहायला गेलेल्या एकीकडे त्या बस बदलत स्वतः गेल्या.

नंतरचे दिवस सुने गेले. पोस्टमनचा शर्ट झाला, पियानोवाल्याचा कोट झाला. पडद्याआडची खोली बहुतेक रिकामीच होती. हॉस्पिटलकडून नवीन कुणी येत नव्हतं, आणि का येत नव्हतं हे टाचणीताईंना पुरतं ठाऊक होतं. पाठवणारी एकच होती. भाची अधूनमधून फोन करून मशीन कसं आहे विचारायची. मशीन ठणठणीत आहे, त्या सांगायच्या, आणि ते खरंच तसं होतं. सांगितल्याचा पस्तावा होतो का, असं नवऱ्याने एकदा भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, पस्तावा पहारेकरी बंद केल्याचा होतो, सांगितल्याचा नाही. आणि कापड पुढे ओढून बेतायला बसल्या.

एका दुपारी दारावर हलकी थाप पडली. बाहेर अनोळखी बाई उभी होती, चाळिशीच्या आतबाहेरची, हातातली पिशवी छातीशी घट्ट धरलेली. ती तशी का धरली आहे हे टाचणीताईंना विचारावं लागलं नाही. त्यांनी तिला आत घेतलं आणि कुणी पाठवलं ते विचारलं.

तिने पोहण्याच्या शिक्षिकेचं नाव सांगितलं.

टाचणीताईंनी पाठीमागे हात नेऊन खुर्ची चाचपली आणि त्या बसल्या. शिक्षिका स्वतः येणार आहे का, असं त्यांनी विचारलं.

“ते नाही बोलल्या त्या,” बाई म्हणाली. “मी दोन-तीन ठिकाणांची चौकशी केली होती. तर त्या म्हणाल्या, टाचणीताईंकडेच जा. त्यांच्याकडून काही चुकलं, तर त्या तुला बोलावून घेऊन सांगतील.”

बाई अवघडून उभी होती. तिची नजर कोपऱ्यातल्या संगणकाकडे गेली. “तुम्ही फोटो काढता म्हणे.”

“तू हो म्हणालीस तरच. आणि ते कुठे राहणार, ते आधी दाखवेन. आज नुसतं माप घेऊ.”

त्यांनी उठून पडदा ओढला. ते नेहमीचं वाक्य ओठांवर आलं होतं, पण या वेळी त्यांनी ते उच्चारलं नाही. त्या म्हणाल्या, “जपण्याची खटपट मी रोज करते. कधी कमी पडले, तर सगळ्यांत आधी तुला कळेल.”

बाईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग छातीशी धरलेली पिशवी खुर्चीवर ठेवली आणि गळ्याखालचं पहिलं बटण काढलं.